पेढीला आडनाव काय द्यायचं?

प्रश्न : ताई, नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळद आणि बेदाण्याची अडत पेढी आहे. खाली चार कॉम्प्युटर, माडीवर तीन. खालच्या एकावर सगळा हिशोब असतो, त्याचं नाव आम्ही ‘पेढी’ ठेवलंय. शेतकऱ्यांच्या पट्ट्या छापायचा प्रिंटर माडीवर आहे. गेल्या महिन्यात फायबरचं कनेक्शन घेतलं, त्यांनी त्यांचा राउटर बसवला. जुना वाया कशाला घालवायचा म्हणून तो माडीवर लावला. तेव्हापासून माडीवरच्या मशीनना ‘पेढी’ सापडत नाही. जोडणी करणाऱ्या मुलानं नावाऐवजी नंबर टाकून चालू करून दिलं, पण दोनदा लाईट गेली आणि नंबर बदलला. मग त्यानं खालच्या मशीनवर डीएनएसमध्ये ८.८.८.८ घातलं. आता म्हणतोय, प्रत्येक मशीनच्या होस्ट्स फाइलमध्ये नंबर लिहून टाकू. राउटरच्या पानावर ‘डोमेन नेम’ असा एक रिकामा चौकोन दिसतो. त्यात काय भरायचं? त्यासाठी डोमेन विकत घ्यावं लागतं का? हळदीचे सौदे चालू आहेत, दिवाणजी जिना चढून-उतरून दमलेत.
— एक अडत व्यापारी, सांगली

उत्तर : दादा, विकत काही घ्यावं लागत नाही. तो रिकामा चौकोन तुमच्या कामाचा आहे, त्यामुळं आधी तो समजून घेऊ. माडीवरच्या जुन्या राउटरकडं नंतर येते, कारण खरी गाठ तिथं बसलीय.

वाड्यात ‘अण्णा’ अशी हाक मारली की कुठले अण्णा, असं कुणी विचारत नाही. बँकेच्या खिडकीवर मात्र नाव, वडिलांचं नाव, आडनाव सगळं सांगावं लागतं. डीएनएस, म्हणजे नावावरून नंबर शोधून देणारी व्यवस्था, कायम त्या खिडकीवर बसलेली असते. तिला अर्धं नाव चालत नाही. तुम्ही नुसतं ‘पेढी’ टाइप केलंत की तुमचं मशीन त्याला घरचं आडनाव जोडतं आणि पूर्ण नाव विचारतं. हे आडनाव म्हणजे डीफॉल्ट डोमेन. विंडोज त्याला ‘डीएनएस सफिक्स’ म्हणतं, लिनक्सवाले ‘सर्च डोमेन’ म्हणतात. राउटर सकाळी प्रत्येक मशीनला नंबर वाटतो, तेव्हा त्याच पुडीत बाकीची माहितीही बांधून देतो: बाहेर जायचं दार कुठलं, नावं कुणाला विचारायची, आणि आडनाव काय. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. त्यात आडनावाचा पर्याय १५ नंबरचा आहे. चौकोन रिकामा असेल, तर पुडीत आडनावच नसतं.

मग आतापर्यंत कसं चालत होतं? विंडोजला जुनी सवय आहे. नाव सापडलं नाही की ते सगळ्या नेटवर्कवर हाळी देतं, ‘पेढी कोण आहे रे?’ आणि पेढी ओ देते. एकाच राउटरखाली सगळे होते तोवर ही हाळी माडीवर ऐकू जात होती. आता मध्ये जुना राउटर आला. हाळी राउटर ओलांडत नाही.

तेव्हा पहिलं काम माडीवरचं. जुन्या राउटरमध्ये खालून आलेली तार बहुधा ‘वॅन’ लिहिलेल्या, वेगळ्या रंगाच्या भोकात असेल. तिथं ती असली की तो राउटर माडीवर स्वतःचं वेगळं नेटवर्क मांडतो. खाली १९२.१६८.१ चे नंबर आणि माडीवर १९२.१६८.० चे, असं काही तरी तुम्हाला दिसेल. आधी त्या जुन्या राउटरच्या पानावर जाऊन त्याची डीएचसीपी बंद करा. मग त्याला स्वतःला खालच्या नेटवर्कमधला एखादा मोकळा नंबर द्या, समजा १९२.१६८.१.२. तो नंबर नव्या राउटरच्या वाटपाच्या पट्ट्यात येत नाही ना, ते बघून घ्या. शेवटी तार वॅनमधून काढून साध्या लॅनच्या भोकात लावा. आता तो फक्त वायफाय आणि जोडणीचं काम करेल, नंबर वाटणारा पेढीत एकच राहील. हा क्रम मोडू नका. डीएचसीपी चालू असताना तार लॅनमध्ये लावली, तर दोघंही नंबर वाटायला लागतात आणि कुणाला कुणाचा मिळेल याचा नेम नाही.

आता आडनाव. हे सदर देवनागरीत छापतो, त्यामुळं मी नावं उच्चाराप्रमाणे देतेय. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत करायची. माझा सल्ला ‘अडत.इंटर्नल’. अडत हा शब्द तुम्हाला आवडेल त्या स्पेलिंगनं लिहा, मग एक टिंब, मग आय एन टी ई आर एन ए एल. म्हणजे तुमच्या हिशोबाच्या मशीनचं पूर्ण नाव होईल ‘पेढी.अडत.इंटर्नल’. मनाला येईल ते आडनाव लावायचं नाही, आणि हे मी कळकळीनं सांगतेय, कारण लोक तिथं काहीही लिहितात.

बरेच जण ‘लोकल’ लिहितात. ते नाव २०१३ पासून दुसऱ्या कामासाठी राखून ठेवलंय. प्रिंटर, टीव्ही, फोन एकमेकांना मघाशी सांगितली तसली हाळी देऊन शोधतात, ती हाळी ‘डॉट लोकल’ नावानंच जाते. तुम्ही तेच आडनाव लावलंत तर काही मशीन राउटरला विचारतील, काही हाळी देतील, आणि एकाच नावाची दोन उत्तरं यायला लागतील. काही जणांनी ‘डेव्ह’ लावलं होतं. ते आडनाव गूगलनं आपल्याकडं घेतलं आणि २०१७ च्या शेवटी क्रोमनं नियम केला, की डेव्ह म्हटलं की फक्त सुरक्षित जोडणी. ज्यांनी आपल्या घरच्या मशीनना ते आडनाव दिलं होतं, त्यांची पानं एका अपडेटनंतर उघडेनाशी झाली. ‘कॉर्प’ची गोष्ट त्याहून गंभीर. विंडोजच्या जुन्या नेटवर्कमध्ये ‘कॉर्प’ हे आडनाव पुष्कळ कचेऱ्यांनी लावून घेतलं. तिथले लॅपटॉप बाहेर, हॉटेलात वगैरे उघडले की आपल्या घरचा सर्व्हर शोधत ‘कॉर्प डॉट कॉम’च्या दारात जाऊन उभे राहायचे. ते डोमेन दुसऱ्याच कुणाच्या मालकीचं होतं. शेवटी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते स्वतः विकत घेतलं, चुकीच्या हातात जाऊ नये म्हणून. तुमच्या पेढीच्या हिशोबाचा प्रश्न आहे दादा, घरच्या मशीनला परक्याचं आडनाव लावू नका.

‘इंटर्नल’ सुरक्षित का, तर जगातल्या वरच्या पातळीच्या नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन या संस्थेनं जुलै २०२४ मध्ये ठरवलं, की हे नाव कुणालाच द्यायचं नाही, ते खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवायचं. घरगुती नेटवर्कसाठी ‘होम.अर्पा’ हे नाव त्याआधी, २०१८ मध्येच, राखलंय. तुमच्या पेढीच्या वेबसाइटचं डोमेन असेल तर त्याच्या आधी एक शब्द लावूनही चालतं. ते सगळ्यात चांगलं, पण मुदत संपली आणि भरायचं विसरलं की घरचं आडनावही जातं. म्हणून वेबसाइट नियमानं सांभाळणारं कुणी नसेल तर इंटर्नलच ठेवा.

आता ८.८.८.८ चं. हा गूगलचा डीएनएस. चांगला आहे, पण त्याला तुमची पेढी कुठून माहीत असणार? त्याला ‘पेढी.अडत.इंटर्नल’ विचारलं की तो म्हणतो, असं नाव नाही. बरोबरच आहे त्याचं. मुलं मग पहिला नंबर राउटरचा आणि दुसरा ८.८.८.८ असे दोन्ही भरतात आणि समजतात, की राउटरला माहीत नसेल ते गूगल सांगेल आणि गूगलला माहीत नसेल ते राउटर. तसं होत नाही. दुसऱ्याला विचारलं जातं ते पहिला गप्प बसला तर. ‘नाही’ हेही उत्तरच असतं. ते मिळाल्यावर मशीन पुढं विचारत बसत नाही. शिवाय कुणाला आधी विचारायचं हे प्रत्येक मशीन आपापल्या परीनं ठरवतं, राउटर जरा उशिरा बोलला की ते दुसऱ्याकडंच जात राहतं. म्हणून नाव सकाळी लागतं, दुपारी लागत नाही, असला खेळ सुरू होतो. मशीनवर हातानं भरलेलं सगळं काढून ‘आपोआप घ्या’वर ठेवा, आणि वाटपात डीएनएस म्हणून फक्त राउटरचा नंबर ठेवा. बाहेरची नावं राउटर बाहेर विचारून आणतो. गूगलचा डीएनएस हवाच असेल तर तो राउटरच्या आत, बाहेरच्या बाजूला भरा.

आणि होस्ट्स फाइल, म्हणजे प्रत्येक मशीनवर ठेवलेली नाव-नंबरांची स्वतंत्र यादी, नको. एखाद्या मशीनवर रात्रीपुरतं काम भागवायला ठीक आहे. १९८३ च्या आधी सगळं नेटवर्क असंच चालायचं: अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या एका संशोधन संस्थेत सगळ्या मशीनची एकच यादी ठेवलेली, बदल कळवायचा तर त्यांना कळवायचा, आणि बाकीच्यांनी ती फाइल उतरवून घ्यायची. यादी वाढली, प्रती जुन्या राहायला लागल्या, म्हणून पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस बांधलं. तुमच्या सात मशीनवर सात याद्या झाल्या, तर आठवं मशीन येईल त्या दिवशी त्यातली एक तरी चुकलेली असेल.

मी नावांसाठी एवढी का भांडते ते सांगते. ऑगस्ट २०१९ ला कृष्णेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा गावभागातल्या माझ्या दोन गिऱ्हाइकांची मशीनं आम्ही रात्रीतून वरच्या मजल्यावर चढवली. पाणी ओसरल्यावर राउटर कामातून गेलेले, तारा कापून टाकलेल्या, सगळं नव्यानं जोडायचं होतं. एका दुकानात सगळीकडं नावं होती. नवा राउटर लावला, त्यात आडनाव भरलं, नावं लिहिली. अर्ध्या दिवसात त्यांनी पहिलं बिल फाडलं. दुसरीकडं नंबर लिहिलेले: बिलाच्या प्रोग्रॅममध्ये, प्रिंटरमध्ये, कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरमध्ये, मालकांच्या घरच्या लॅपटॉपमध्ये. कुठला नंबर कशाचा, ते लिहिलेली वही पाण्यात गेलेली. चार दिवस मी एकेक खिडकी उघडून नंबर शोधत बसले होते आणि ते काका खुर्चीत बसून चिखलाकडं बघत होते. तेव्हापासून माझ्या हातून कुणाच्या प्रोग्रॅममध्ये नंबर जात नाही.

पण नाव टिकायचं तर त्यामागचा नंबर स्थिर हवा. त्यासाठी ‘पेढी’ मशीनवर जाऊन हातानं नंबर भरू नका. तसं केलं की ते मशीन राउटरकडं नंबर मागायला जातच नाही, आणि मागितलं नाही तर राउटरला त्याचं नावही कळत नाही. राउटरच्या पानावर ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘स्टॅटिक लीज’ असं असतं. तिथं त्या मशीनचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक, द्या, नंबर द्या आणि नावाची जागा असेल तर नाव द्या. प्रिंटरचंही तसंच. नावात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ एवढंच चालतं. मोकळी जागा नाही आणि खालची रेघही नाही. विंडोजच्या मशीनचं नाव १५ अक्षरांच्या आत ठेवा.

आता अडचण अशी, की कनेक्शनसोबत मिळणारे काही राउटर आडनाव वाटतात, पण स्वतः नावं लक्षात ठेवत नाहीत. तपासायला सोपं आहे. विंडोजच्या काळ्या खिडकीत ‘एनएसलुकअप’, मोकळी जागा, ‘पेढी.अडत.इंटर्नल.’, मोकळी जागा आणि राउटरचा नंबर असं टाइप करा. शेवटचं टिंब विसरू नका. ते टिंब म्हणजे नावाचा पूर्णविराम: नाव इथं संपलं, पुढं आडनाव जोडू नको. विंडोजचं एनएसलुकअप हे टिंब नसलं की आधीच पूर्ण असलेल्या नावालाही आडनाव चिकटवून बघतं, आणि शिकाऊ मुलं तो निकाल बघून घाबरतात. राउटरनं नंबर सांगितला तर झालं. सांगितला नाही तर नावं सांभाळणारा दुसरा कुणी तरी हवा. ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरवर चालणारी मोफत प्रणाली, चढवता येईल असा राउटर घ्या, किंवा रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर ‘डीएनएसमास्क’ नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवा. माझ्या मते पेढीला पहिला पर्याय बरा, एक वस्तू कमी होते. ओपनडब्ल्यूआरटीत आडनावाच्या जागी आधीच ‘लॅन’ असतं. ‘लोकल डोमेन’मध्ये ते बदलून ‘अडत.इंटर्नल’ करा आणि त्याच्याजवळच्या ‘लोकल सर्व्हर’मध्ये तेच नाव दोन तिरक्या रेघांच्या मध्ये लिहा. हे दुसरं लोक विसरतात. त्यानं राउटरला कळतं, की या आडनावाच्या चौकशा घरातच मिटवायच्या, बाहेर पाठवायच्या नाहीत. दिवाणजींनी नाव चुकीचं टाइप केलं तरी ते रस्त्यावर जात नाही.

सगळं झाल्यावर प्रत्येक मशीन एकदा बंद करून चालू करा, किंवा ‘आयपीकॉन्फिग /रिलीज’ आणि ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’ द्या. मग ‘आयपीकॉन्फिग /ऑल’. त्यात तीन ओळी बघा: ‘कनेक्शन-स्पेसिफिक डीएनएस सफिक्स’पुढं तुमचं आडनाव, ‘डीएचसीपी सर्व्हर’पुढं नव्या राउटरचा नंबर, ‘डीएनएस सर्व्हर्स’पुढं पुन्हा तोच नंबर आणि दुसरा कुठला नाही. माडीवरच्या तिन्ही मशीनवर हे एकसारखं यायला हवं. शेवटी ‘पिंग पेढी’. पहिल्या ओळीत पूर्ण नाव आणि नंबर दिसला की नाव लागलं. पुढं ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं तरी घाबरू नका, विंडोजचा फायरवॉल पिंगला उत्तर देत नाही एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या ओळीत ‘पेढी.लोकल’ किंवा एफई८० नं सुरू होणारा लांबलचक नंबर आला, तर मात्र ते अजून हाळी देऊनच सापडतंय. पुन्हा मागं जा.

हे काम रविवारी करा, सौदे नसतात तेव्हा. जोडणीच्या मुलालाही सोबत बसवा, त्याच्यावर रागवू नका. त्याला कुणी हे शिकवलेलं नाही.

प्रश्न : मी विश्रामबागला खोली घेऊन राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लिनक्सचा लॅपटॉप आणि एक रास्पबेरी पाय आहे. ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’मध्ये ‘डोमेन’ची एक आणि ‘सर्च’ची एक अशा दोन ओळी लिहिल्या, पण एकीचाच परिणाम होतो. आणि वायफाय तुटून जोडलं की माझं लिहिलेलं पुसलं जातं. ‘सर्च’मध्ये किती नावं लिहावीत?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ म्हणजे नावं कुणाला आणि कुठल्या आडनावानं विचारायची, हे लिनक्सला सांगणारी फाइल. तिच्यात या दोन्ही ओळी एकत्र चालत नाहीत, जी शेवटी लिहिली असेल ती धरली जाते. ‘डोमेन’ हा जुना प्रकार, एकच नाव घेणारा. तू फक्त ‘सर्च’ वापर.

पुसलं जातं, कारण ती फाइल आता तुझी राहिलेली नाही. नेटवर्कमॅनेजर किंवा सिस्टिमडी-रिझॉल्व्हड हे लिनक्समधले जोडणी आणि नावं सांभाळणारे प्रोग्रॅम ती स्वतः लिहितात. बऱ्याच ठिकाणी ती नुसती दुसऱ्या फाइलकडं बोट दाखवणारी खूण असते. काही मुलं फाइलला कुलूप लावतात, म्हणजे तिच्यात बदलच होऊ देत नाहीत. तसं करू नकोस. दुसऱ्या नेटवर्कवर गेलास की जुनाच डीएनएस धरून बसेल आणि तुला कारण आठवणार नाही. जोडणीलाच सांग: ‘एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय’, पुढं त्या वायफायचं नाव, पुढं ‘आयपीव्ही४.डीएनएस-सर्च’, शेवटी ‘होम.अर्पा’. मग जोडणी खाली-वर कर आणि ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’मध्ये ‘डीएनएस डोमेन’ची ओळ बघ. खोलीतला राउटर तुझ्या ताब्यात असेल तर हेही नको, राउटरमध्येच आडनाव भर.

नावं किती? एक. फार तर दोन. जीलिबसी, म्हणजे लिनक्सचे बहुतेक प्रोग्रॅम ज्यावर चालतात ती मूळ लायब्ररी, तिच्या २०१७ मधल्या २.२६ आवृत्तीपर्यंत सहाची आणि एकूण २५६ अक्षरांची मर्यादा होती, आता ती नाही. पण मर्यादा उठली म्हणून भरू नकोस. चुकलेलं प्रत्येक नाव यादीतल्या प्रत्येक आडनावासोबत विचारलं जातं. आणि उत्तर भलत्याकडून येऊ शकतं.

याचं एक जुनं उदाहरण तुझ्या अभ्यासात यायला हवं. सुरुवातीच्या काळात मशीन आडनाव जोडताना एकेक पायरी वर चढत जायचं. समजा मशीन ‘कंपनी.कॉम’चं आहे आणि तू ‘विद्यापीठ.ईडीयू’ मागितलंस. ते आधी ‘विद्यापीठ.ईडीयू.कंपनी.कॉम’ विचारायचं, मग एक पायरी वर जाऊन ‘विद्यापीठ.ईडीयू.कॉम’. आणि कुणी तरी खरोखरच ‘ईडीयू.कॉम’ नोंदवलं. म्हणजे कॉमवाल्यांची विद्यापीठाकडं निघालेली चौकशी तिसऱ्याच्याच दारात. ऑक्टोबर १९९३ मध्ये आरएफसी १५३५ या टिपणात हे मांडलं गेलं, आणि तिथून पुढं नावात टिंब असेल तर आधी ते जसंच्या तसं विचारायचं, अशी रीत बसली. तुझ्या लिनक्समधला ‘एनडॉट्स’ हा पर्याय तोच आहे: नावात किती टिंबं असली की आधी ते जसंच्या तसं विचारायचं, ते तो ठरवतो, त्याची मूळ किंमत १. कुबरनेटीस या सर्व्हरवरचे प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या प्रणालीत ती ५ असते, म्हणून तिथं बाहेरचं एक नाव शोधायला आतल्या आतच कितीतरी फेऱ्या होतात. प्रोजेक्ट करशील तेव्हा नावाच्या शेवटी टिंब देऊन वेळ मोजून बघ.

प्रश्न : कॉम्प्युटरला मराठी नाव देवनागरीत देता येतं का? आमच्या वाचनालयातल्या मशीनना नद्यांची नावं द्यायची आहेत.
— एक ग्रंथपाल, तासगाव

उत्तर : नद्यांची नावं द्याच. कृष्णा, वारणा, येरळा, अग्रणी, माणगंगा: लक्षात राहतात आणि एकमेकांसारखी ऐकू येत नाहीत. फोनवर ‘येरळा बंद पडलीय’ म्हटलं की कुठलं मशीन ते लगेच कळतं.

देवनागरीचं मात्र घरच्या नेटवर्कवर टाळा, आणि हे सांगताना मला वाईट वाटतं. बाहेरच्या जगात सोय झालीय. देवनागरीतलं ‘.भारत’ २०१४ पासून चालू आहे, मराठीत पत्ता घेता येतो. पण आत खोलवर डीएनएस आजही इंग्रजी अक्षरांवरच चालतं. देवनागरी नावाचं आधी ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या अक्षरमाळेत रूपांतर होतं, मग ते विचारलं जातं. ब्राउझर हे रूपांतर करतो. प्रिंटर, जुना राउटर, ग्रंथालयाचा प्रोग्रॅम करतीलच असं नाही. तेव्हा यंत्रात इंग्रजी अक्षरांत ‘येरळा’ लिहा आणि मॉनिटरवर देवनागरीत मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा. स्पेलिंग एकदाच ठरवून वहीत लिहून ठेवा. येरळाचं चार जण चार प्रकारे करतात.

प्रश्न : घरी सगळं तुम्ही मागं सांगितल्याप्रमाणे केलं. लॅपटॉपवरून घरचं पान उघडतं, फोनवरून त्याच वायफायवर उघडत नाही. नाव टाकलं की गूगलचा शोध सुरू होतो.
— एक गृहिणी, मिरज

उत्तर : दोन गोष्टी बघा. ब्राउझरला एकच शब्द दिला की त्याला वाटतं तुम्ही काही शोधताय. नावाच्या शेवटी तिरकी रेघ द्या, किंवा फोनवर सरळ पूर्ण नाव आडनावासकट लिहा. तरी उघडलं नाही तर फोनच्या सेटिंगमध्ये, नेटवर्कच्या भागात ‘प्रायव्हेट डीएनएस’ शोधा. अँड्रॉइड ९ पासून ते आहे. तिथं कुठल्या कंपनीचं नाव भरलेलं असेल, तर फोन तुमच्या राउटरला काही विचारतच नाही, सगळं थेट त्यांना विचारतो. ते ‘ऑटोमॅटिक’वर करा. जाहिराती अडवायला म्हणून मुलांनी ते भरलेलं असतं, तेव्हा बदलायच्या आधी घरात विचारा. ब्राउझरमध्येही ‘सिक्युअर डीएनएस’ असा वेगळा पर्याय असतो, तोही एकदा बघा. मग वायफाय बंद करून पुन्हा जोडा आणि पूर्ण नावानं उघडून पाहा.